हार्टनं गेले

त्या वर्षांत आमच्याकडे कोणी अचानक पडलं, की लोक आधी त्याच्या तोंडाचा वास घेत. नाडी नंतर. कापसाचे दिवस वाईट होते, घरोघरी फवारणीचं औषध पडलेलं असे, आणि ते पिऊन कोण गेलं हे आम्ही सकाळच्या चहाबरोबर पेपरात वाचत होतो. वाचून वाचून अशी सवय झाली होती की माणूस दुसऱ्या कशानं मरू शकतो हे जणू विसरलोच होतो.

माझा मोठा भाऊ शेतकरी नव्हता. पांढरकवड्याला हायवेला लागून फवारणीचे पंप दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. कोणाचं देणं नाही, व्यसन नाही, हंगामात हाताला फुरसत नाही. टिनाच्या शेडखाली बसून तो वॉशर बदलायचा, गळकी नळी कापून पुन्हा बसवायचा, आणि नोझल चोकलं की सरळ तोंडाला लावून फुंकायचा. मी टोकलं की म्हणायचा, "तू तुह्या काट्याचं पाय, मी माह्या पंपाचं पायतो." मी वणीला ट्रकांच्या वजनकाट्यावर आहे. तेव्हाही होतो.

एका दुपारी काट्यावर निरोप आला की भाऊ पडला, लवकर या. मी पोचलो तेव्हा त्याला घरी आणून समोरच्या खोलीत निजवलं होतं. संपलं होतं. वहिनी भिंतीला टेकून बसली होती, तिच्या मांडीवर दोन वर्षांची पोर. बाबा खाली वाकले, त्यांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला, मग शर्टाचा घेतला, आणि माझ्याकडे पाहिलं. मीही वाकलो. वास होता.

त्याच्या दुकानाशेजारी पंक्चरवाल्याचं दुकान होतं. तोच त्याला रिक्षात घालून घेऊन आला होता. तो बाहेर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच गोष्ट सांगत होता. "ट्रकचं टायर फुटलं न भाऊ, धाडकन. अन् हे बसल्या जागीच कलंडले. हातात चहाचा कप तसाच." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कारण मला वाटलं भला माणूस आहे, आमची लाज झाकतो आहे. बाबांनाही तेच वाटलं. वहिनीलाही.

बाबांनी ठरवलं. पोलीस आले तर पोस्टमॉर्टम होईल, आणि पुढे ही गोष्ट पोरीच्या लग्नात निघेल. सगळ्यांना सांगायचं, हार्टनं गेले. पोलीस पाटलालाही तेच सांगितलं. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. लोकांनी मान हलवली. "हार्ट" म्हणजे काय हे त्या वर्षांत सगळ्यांना कळत होतं; कोणी जास्त विचारायचं नाही.

मी मात्र स्वतःला विचारत राहिलो. देणं नाही, भांडण नाही, आजार नाही, मग कशासाठी? काट्यावर एखाद्या गाडीचं वजन जमलं नाही तर ती मी पुन्हा चढवतो. हे किती वेळा चढवलं याला गणती नाही. बाबा गेले ते याच प्रश्नावर गेले. वहिनीनं शिवणकाम करून पोरीला वाढवलं, शिकवलं, आणि जिथे कोणी विचारलं तिथे न चुकता सांगितलं, "त्यायले हार्टचं झालतं." बोलताना ती नेहमी पदराचं टोक बोटाला गुंडाळायची. मी खाली पाहायचो.

पोर मोठी झाली आणि यवतमाळजवळ लोहाऱ्याला एका कारखान्याच्या ऑफिसात लागली. मायलेकींनी यवतमाळला खोली केली. एक दिवस जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला आणि ती खुर्चीवरून खाली गेली. मिनिटभरात शुद्धीवर आली, पण घाबरून ऑफिसातल्यांनी दवाखान्यात नेलं, आणि वहिनीनं मला फोन केला.

मी आत शिरलो तेव्हा पोर कॉटवर डोळे मिटून पडली होती. वहिनी तिच्या चेहऱ्यावर वाकली होती. मला वाटलं मुका घेते आहे. पण नाकपुड्या हलताना दिसल्या. ती पोरीच्या तोंडाचा वास घेत होती.

पोरीनं डोळे उघडले. "आई, काय करून राह्यली?"

"काही नाही," वहिनी म्हणाली. "केस बाजूले करत होती."

इतकी वर्षं गेली, भावाला निजवलेली ती खोली आमच्या अंगातून गेली नव्हती.

हृदयाचे डॉक्टर तरुण होते. त्यांनी पोरीच्या हृदयाची ईसीजीची पट्टी काढली, तिला बाहेर बसवलं आणि आम्हा दोघांना आत बोलावलं. पट्टीवर पेन ठेवून ते समजावू लागले. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाला पुन्हा तयार व्हायला थोडा अवकाश लागतो. हिच्या हृदयाला तो जरा जास्त लागतो. एरवी काही कळत नाही. पण तेवढ्यात मोठा आवाज झाला, दचका बसला, तर कधी कधी ताल सुटतो. हृदय थरथरतं, पण रक्त पुढे ढकलत नाही. बहुतेक वेळा ताल आपोआप परत येतो आणि माणूस उठून बसतो. कधी येत नाही. मी पट्टीवरचे बारीक चौकोन मोजून पाहिले. ते म्हणाले ते बरोबर होतं.

मग त्यांनी विचारलं, "हे बहुतेक घराण्यातून येतं. कमी वयात अचानक गेलेलं कोणी आहे का?"

वहिनीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हिचे बाबा. त्यायले हार्टचं झालतं."

डॉक्टरांनी ते लिहायला घेतलं.

त्या क्षणापर्यंत आमचं ते वाक्य कोणी खरं मानलं नव्हतं. हा पहिलाच माणूस. आणि त्यावर पोरीचा इलाज ठरणार होता. चुकीच्या वजनावर गाडी सोडायची मला जमत नाही. मी म्हणालो, "डॉक्टरसाहेब, तेवढं लिहू नका. ते आम्ही लोकांना सांगत आलो. आमचा समज वेगळा आहे." आणि समज काय ते सांगितलं. वहिनीकडे पाहिलं नाही.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. "समज कशावरून झाला?"

"तोंडाला औषधाचा वास होता."

"बाटली सापडली? उलटी, फेस?"

"नाही."

"काम काय करत होते?"

मी सांगितलं. पंप, वॉशर, नळ्या. आणि सांगता सांगता थांबलो. नोझलचा शब्द मला उच्चारवेना. तो वहिनीनं उच्चारला, हळू आवाजात, जणू दुसऱ्याच कोणाबद्दल. "नोझल तोंडानं फुंकत जायचे. रोज घरी आले की तसाच वास राहे."

"पडले तेव्हा काय चाललं होतं?"

"चहा पीत होते," मी म्हणालो. "शेजारी ट्रकचं टायर फुटलं."

मला आणखी एक आठवलं. लहानपणी दिवाळीत सुतळी बॉम्ब पायाशी फुटला तेव्हा भाऊ अंगणात पडला होता. आईनं फेफरं समजून त्याला कांदा हुंगवला, आणि तो उठून हसत पळाला. तेही सांगितलं.

मी विचारलं, "म्हणजे तेच होतं का? नक्की?"

डॉक्टर सरळ बोलले. ताल बिघडून माणूस गेला तर मागे खूण राहत नाही. तेव्हा चिरून पाहिलं असतं तरी विष नव्हतं एवढंच कळलं असतं. "शक्यता मोठी आहे. नक्की म्हणून मी लिहून देऊ शकत नाही. पण मुलीचा इलाज मी तेच धरून करणार." रोजची गोळी, ती एक दिवसही चुकवायची नाही, कोणती औषधं घ्यायची नाहीत त्याचा कागद, नागपूरला पुढची तपासणी. सख्खा भाऊ म्हणून माझीही पट्टी काढली. माझी साधी निघाली. बरं वाटायला हवं होतं, पण तसं काही वाटलं नाही.

पोर गोळ्या आणायला गेली आणि आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. वहिनी म्हणाली, "त्या दिवशी सकाळी मी त्यायच्याशी बोलली नव्हती. डबा नुसता पुढं सरकवला. कायले रुसली होती तेही आता आठवत नाही." मग म्हणाली, "मले वाटे, त्याच्यानंच."

तिनं पदराचं टोक पुन्हा बोटाला गुंडाळलं.

"भाऊजी, मंग इतके वर्षं मी खरंच सांगत होती?"

माझ्या कामात रिकाम्या गाडीचं वजन आधी घेतलेलं नसेल तर मालाचं वजन सांगता येत नाही. भाऊ जिवंत असताना त्याची पट्टी कोणी काढली नव्हती. हे मला माहीत होतं, आणि तिलाही कळत होतं.

"हो वहिनी," मी म्हणालो. "खरंच सांगत होत्या."

तिनं बोटाला गुंडाळलेला पदर सोडला.

पोर ठीक आहे. ऑफिसात तिचं टेबल भोंग्यापासून लांब, आतल्या खोलीत गेलं. फोन आवाज बंद करून ठेवते. त्यांच्या घराची बेल मी स्वतः काढली. आता मी दारावर बोटांनी हळू वाजवतो आणि पोरीचं नाव घेत थांबतो.

पंक्चरवाल्याला भेटायला पांढरकवड्याला गेलो होतो. दुकान नाही, तो कुठे गेला कोणाला ठाऊक नाही. त्याच्या खांद्यावर ठेवलेला हात मला आठवतो. तो खरं सांगत होता आणि मी त्याचे आभार मानले होते.

काट्यावर ट्रक चढताना ड्रायव्हर उगाच प्रेशर हॉर्न दाबतात. माझी नजर आपोआप समोरच्या चहाच्या टपरीकडे जाते, बाकावर बसलेली माणसं सरळ बसली आहेत ना ते पाहायला. मी ड्रायव्हरांना सांगतो, काट्यावर हॉर्न नको. परवा एक पोरगेला ड्रायव्हर खिडकीतून हसत म्हणाला, "काहून काका, कोणी झोपलं हाय का इथं?"

मी त्याचं वजन लिहिलं आणि गाडी पुढे घ्यायला सांगितली.