आजोचं शेवटचं गाऱ्हाणं

माझा आजो बहिरा होता. जन्माचा नव्हे, मिलनं केलेला. लालबागच्या आमच्या चाळीत असे अर्धे बहिरे घरोघर होते. मिलच्या साचेखात्यात सगळे माग एकदम धडधडायला लागले की तिथं देवाचा आवाज पोचायचा नाही, माणसाचा कुठला पोचायला? म्हणून ती माणसं आवाज काढतच नसत. नुसते ओठ हलवायचे आणि समोरच्यानं ते वाचायचे. पार पलीकडच्या मागावरच्याची थट्टासुद्धा अशीच करायचे मेले!

घरीही तेच. माझा काका, आजोचा धाकटा झिल, म्हणजे मुलगा, त्याच खात्यात लागला होता. बाप-लेक जेवताना मुक्यानं बोलत बसायचे आणि मध्येच खो खो हसायचे. आजी करवादायची, "मेल्यांनो, माका पण सांगा मां काय ता!" बघून बघून मीही ओठ वाचायला शिकले. आजोला त्याचं कोण कौतुक!

तो मोठ्यानं बोलायचा तो फक्त देवाशी. आम्हा मालवणी लोकांत गाऱ्हाणं घालतात. घरातलं वडीलधारं माणूस नारळ घेऊन देवापुढं उभं राहतं, एकेक मागणं मागतं, आणि बाकीचे प्रत्येक मागण्याला "व्हय म्हाराजा" म्हणतात. आमच्या चाळीत गाऱ्हाणं घालावं तर आजोनंच. कुणाची लेक बाळंतपणात अडली, कुणाचा ताप उतरेना, की लोक नारळ घेऊन आमच्या दारात. स्वतःचा आवाज त्याला ऐकू येत नसे, त्यामुळे तो असा खणखणीत ओरडायचा की कोकणातल्या देवानंही दचकून उठावं. मला तेव्हा वाटायचं, देव आजोचं ऐकतो. कसलं काय!

संयुक्त महाराष्ट्राचे दिवस आले. काका मोर्च्यांना जायचा, घसा बसवून परतायचा. आजोनं त्याला कधी अडवलं नाही. "मुंबय आपली नाय तर कोणाची?" म्हणायचा. पण पोरगा घरी येईपर्यंत भाकरी तोंडात घालायचा नाही. शेवटी त्यानं ठरवलं, आपण एवढ्या लोकांसाठी गाऱ्हाणी घातली, आता एक आपल्या पोरासाठी. त्याला सुखरूप राख म्हणून देवाला सांगायचं, की मग आपल्या जिवाला घोर नाही.

त्याच दुपारी नाक्यावर गडबड झाली. पोलिसांची गाडी कर्णा लावून रस्त्यानं फिरली, कुणीही बाहेर पडू नका, गोळी घातली जाईल. धडाधड दारं लागली. आजो खाली जिन्याशी भिंतीकडं तोंड करून तंबाखू मळत काकाची वाट बघत बसला होता. समोर ओठ असले की त्याला सगळं कळायचं. कर्ण्याला ओठ नसतात. आजी वर गॅलरीतून जीव तोडून ओरडली, पण ती ओरडत होती त्याच्या पाठीला. मग ती जिन्याकडं धावली.

तेवढ्यात काका मिलमधून मागच्या बोळानं आला. त्यालाही काही ठाऊक नव्हतं. मी गॅलरीच्या गजांतून बघत होते. काका दिसताच आजो वळला, त्याचे ओठ हलले, "गाऱ्हाण्याक नारळ घेवन ये, कोपऱ्यावरसून." काकानंही तसंच, आवाज न करता उत्तर दिलं, "येतंय." आणि गेला.

दुखऱ्या गुडघ्यांनी एकेक पायरी उतरत आजी शेवटच्या पायरीवर पोचली तेव्हा गोळीचा आवाज झाला. सगळ्या चाळीनं ऐकला. आजो तेवढा आजीकडं बघून हसला आणि म्हणाला, "येतलो आता."

काकाला उचलून आणणाऱ्यांनी नारळही आणला. नारळाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

पुढं हार आले, भाषणं झाली. लोक काकाला हुतात्मा म्हणाले. आजो प्रत्येकाला एवढंच सांगायचा, "मी धाडलंय त्येका." लोक त्याचा भलताच अर्थ घ्यायचे आणि त्याच्या पाया पडायचे. तो मिलमध्ये जात राहिला, न जाऊन सांगतो कुणाला! पण देवापुढं उभा राहिला नाही. आजी दिवा लावायची, तो भिंतीकडं तोंड करून बसायचा. मला त्या देवाचा असा राग यायचा की दिवा फुंकून टाकावासा वाटायचा. आजही जात नाही तो राग.

मग मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. चाळीला तोरणं लागली, पेढे वाटले. आमच्या दारासमोर सगळी चाळ गोळा झाली. कुणीतरी आजोच्या हातात नारळ दिला. "तुमच्या झिलाचा रगात कामाक इला. गाऱ्हाणा तुम्हीच घाला."

आजो उठला. नारळ धरून उभा राहिला. त्याचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचा गळा दाटून आला. मी समोरच उभी होते. तो साचेखात्यातलं बोलत होता.

"नको जाव, झिला."

तो थांबला तसे सगळे एका आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"नारळ नको माका."

"व्हय म्हाराजा!"

"तू वर ये."

"व्हय म्हाराजा!" अख्खी चाळ गरजली.