मोन्सेराते, लग्नाआधी

"तू आत्याला घेऊन जा. मी येणार नाही."

"का पण? इतके दिवस आमच्याबरोबर फिरलीस, आणि नेमकं डोंगरावर जायचं म्हटल्यावर पाय दुखायला लागले?"

"पाय दुखतात असं मी कुठं म्हटलं?"

"मग काय झालं?"

"तुला माहीत आहे, एदिल."

"मला काहीही माहीत नाही."

माझी ताई, निदिया, चुलीपाशी उभी राहून रवीनं चॉकलेट घुसळत होती. एदिलबेर्तो दारात टेकून उभा. बाहेरच्या खोलीत त्याची त्रान्सितो आत्या आमच्या आईला आपले सुजलेले पाय दाखवत होती. आत्या पहिल्यांदाच गावाहून राजधानी बघायला आली होती. रविवारी मोन्सेरातेवर जाऊन नवस फेडला की सोमवारी परत.

बोगोतात कुठंही उभं राहा, मान वर केली की मोन्सेराते दिसतो, आणि माथ्यावरचं ते पांढरं चर्च. पण लग्न ठरलेल्या जोडप्यानं तिथं बरोबर जायचं नसतं. गेलं की लग्न मोडतं. आम्ही सगळे असं म्हणतो, मग हसतो, आणि जात नाही.

ताई आणि एदिलचं लग्न ठरून अकरा वर्षं झाली होती. ती बुटांच्या कारखान्यात चामडं शिवते, तो बस चालवतो. आधी त्याची आई आजारी होती, मग आमचे वडील गेले, मग काय झालं ते विचारायचंही सगळ्यांनी सोडलं. पूर्वी एकदा दोघं फिरत फिरत डोंगराच्या पायथ्याशी पोचले होते, तेव्हा एदिलनंच तिचा हात धरून मागं ओढलं होतं. "आधी लग्न," म्हणाला होता. कारखान्यातल्या प्रत्येक बाईला ताईनं ही गोष्ट ऐकवली होती. मला तर पाठच झाली होती.

"असल्या गोष्टी आजकाल कोण मानतं?" एदिल म्हणाला.

"तू मानायचास."

"तेव्हा मी पोरगा होतो गं."

ताईची रवी थांबली. तिनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. तो आपल्या बुटांकडे बघत होता.

"बरं," ती म्हणाली. "येते."

तिनं चॉकलेट कपांत ओतलं, प्रत्येक कपात रीतीप्रमाणे चीजचा तुकडा सोडला, आणि ट्रे घेऊन त्याच्या अंगावरून बाहेर गेली.

आदल्या दिवसापर्यंत ती हसत होती. सोन्याच्या संग्रहालयात आत्या काचेला नाक लावून म्हणाली, "एवढं सोनं, आणि अंगावर घालायला एक बाई नाही!" तेव्हा ताईला इतकं हसू फुटलं की पहारेकऱ्यानं आम्हाला दटावलं. बोलिवार चौकात आत्यानं हट्ट धरला, तुम्हा दोघांचा त्या लोकरीच्या, लांब मानेच्या लामाबरोबर फोटो हवा. एदिल म्हणाला, "तुम्ही उभ्या राहा, मी काढतो." फोटोत आम्ही तिघी आहोत. आणि लामा.

रविवारी आम्ही चौघं पायथ्याशी, रुळांवरून डोंगर चढणाऱ्या गाडीच्या रांगेत उभे होतो. रांगेत गोड पापड विकणारी बाई आली आणि ताईला कोपर मारून म्हणाली, "काय जोडी, लग्न झालंय ना? नसेल तर माझे पापड खा आणि घरी जा!"

"म्हणजे काय गं?" आत्यानं विचारलं. बाईनं सगळं रंगवून सांगितलं आणि पुढं गेली.

आत्या एदिलकडे वळली. "अरे गाढवा! आणि तू हिला घेऊन चाललास?"

"गंमत असते ती, आत्या."

"गंमत असते? मग हस की. हस बघू."

एदिल हसला नाही.

"पोरी, तू इथंच थांब," आत्या ताईचा दंड धरून म्हणाली. "मी आणि हा मेला जाऊन येतो."

"तिकिटं काढलीत, आत्या," ताई म्हणाली. बस आली, चल, असं सांगावं तसं.

गाडीत तिला खिडकी मिळाली. झाडं, खडक, बोगद्याचा अंधार, पुन्हा झाडं. ती सगळं बघत होती. तिच्या मांडीवरचा हात मी धरला. तिनं तो सोडवून घेतला नाही, माझा हात दाबलाही नाही.

वर पोचल्यावर आत्या चर्चमध्ये गुडघे टेकायला गेली. आम्ही तिघं मागच्या टपऱ्यांपाशी बाकावर बसलो. खाली सगळं शहर पसरलेलं, त्यावरून ढगाची सावली सावकाश सरकत होती. ताईनं तामालचं, म्हणजे मक्याच्या पिठात मांस भरून वाफवलेल्या पुडीचं, केळीचं पान उलगडलं आणि खायला लागली. एदिलनं आपल्या पानाला हात लावला नाही.

"मला तोंडानं सांगता येईना," तो म्हणाला.

"हं."

"तुला कळलंय ना?"

"कळलंय."

"दुसरी कुणी नाही, आईशप्पथ. तुझ्यातही काही कमी नाही. मलाच आता... काही वाटतच नाही गं."

"तिखट सरकव इकडं," ताई म्हणाली.

त्यानं वाटी सरकवली. माझ्या हातातला गरम कप त्याच्या तोंडावर फेकावा असं मला वाटलं. "लाज नाही वाटत?" मी ओरडले. शेजारच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली.

"मार्लेनी, खाऊन घे," ताई म्हणाली. "गार होतंय."

एदिलनं एक मोठा श्वास सोडला. परीक्षा संपलेल्या मुलासारखा त्याचा चेहरा सैल झाला. त्यानं आपलं पान पुढं ओढलं, उलगडलं, दोन घास खाल्ले, तिसराही.

"रविवारी जेवायला मात्र येत जाईन मी," तो तोंडात घास धरून म्हणाला. "तुझ्या आईच्या हातचं सूप... इतक्या वर्षांचं आहे, ते कशाला तोडायचं? काय, निदिया? येऊ ना?"

ताईनं रिकामं पान दुमडलं. हात पुसले. शाल खांद्यावर नीट घेतली.

"येऊ ना गं?"

ती उठली. गाडीकडे गेली नाही. यात्रेकरू ज्या दगडी वाटेनं धापा टाकत वर येत होते, त्या वाटेनं, त्यांना जागा करून देत, ती खाली उतरू लागली.