‘दुष्ट’ हा शब्द गोष्टीत नाही

बातमी मला निपाणीत कळली. तंबाखूच्या वखारीतून बाया सुटण्याची वाट बघत मी पत्रकं घेऊन उभा होतो. वडगावचा एक ओळखीचा विणकर साड्यांचं गाठोडं घेऊन चालला होता. मला बघून थांबला नि म्हणाला, “तुझं गुरुजी गेलं की रं... सोमवारी. तुला न्हाय कळलं?” मी त्याला पुढं काय विचारलं ते आठवत नाही. बाया सुटल्या, घरी गेल्या. पत्रकं माझ्या हातातच राहिली.

गुरुजी बेळगावात आमच्या शाळेत मराठी शिकवायचे. मी पत्रकांवर वाढलेला मुलगा. आमचे अण्णा ती कुठून कुठून आणायचे आणि मी पाठ करायचो, त्यामुळे ‘जुलमी’, ‘रक्तपिपासू’ हे शब्द माझ्या पाटीवर रोजचेच असत. एकदा गुरुजींनी पुस्तकातल्या घारीच्या गोष्टीचा सारांश लिहायला सांगितला. गोष्ट एवढीच. घार कोंबड्यांना म्हणाली, मुंगसापासून मी तुम्हाला राखते, रोज मला अंडी द्या. कोंबड्या देऊ लागल्या. पुढं घार पिल्लंही नेऊ लागली. एका म्हाताऱ्या कोंबडीनं विचारलं, ते मुंगूस कुणी पाहिलंय का? दुसऱ्या दिवशी घारीनं तिलाच नेलं. बाकीच्या कोंबड्या म्हणाल्या, ती फार बोलायची.

मी सुरुवात केली होती, ‘एका दुष्ट घारीने...’ गुरुजींनी अंगठा ओल्या चिंधीवर दाबला आणि ‘दुष्ट’ पुसून टाकला.

“ह्यो शब्द पुस्तकात कुठं हाय, दाव बघू.”

“पण गुरुजी, घार दुष्ट हायच की!”

“मग वाचणाऱ्याला कळू दे की रं. त्याला काय डोळं न्हाईत?”

सारांशाचे त्यांचे नियम दोनच. पदरचं घालायचं नाही, गोष्टीतलं गाळायचं नाही. पहिल्या नियमाचा मला भयंकर राग यायचा. दुसरा सोपा वाटायचा.

मग शिक्षण खात्याचे डेप्युटीसाहेब तपासणीला येणार असं कळलं. आदल्या दिवशी शाळेचे चेअरमन स्वतः वर्गात आले. सरकारदरबारी मान मिळावा म्हणून ते बरीच वर्षं झुरत होते. त्यांनी मला सारांश वाचायला लावला, आणि मुंगसाचा प्रश्न आला तसा हात वर करून थांबवलं. “मास्तर, घार राखते, कोंबड्या अंडी देतात, सगळी सुखात राहतात. उद्या एवढंच म्हणू दे पोरांना.”

“गोष्ट तिथं संपत न्हाय, रावसाहेब.”

“संपवली तर आभाळ पडतंय व्हय?”

“आभाळ न्हाय पडत. पर त्याला सारांश म्हणत न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी आम्ही साहेबांपुढं गोष्ट सांगितली. पुरी. साहेबांनी कपाळाला आठ्या घालून विचारलं, ही गोष्ट कुणी निवडली? गुरुजी शांतपणे म्हणाले, “तुमच्याच खात्यानं मंजूर केलेल्या पुस्तकातली आहे, साहेब.” मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. महिना भरायच्या आत गुरुजींना शाळेतून काढलं. दुसऱ्या कुठल्या शाळेनं त्यांना दारात उभं केलं नाही. ते वडगावला भावाच्या हातमागावर साड्या विणायला बसले. मागाच्या खड्ड्यातली ओल छातीत गेली, खोकला लागला आणि तो शेवटपर्यंत राहिला. मी पत्रकं लिहायला लागल्यावर मसुदा दाखवायला जायचो. गुरुजी खोकत खोकत वाचायचे आणि अंगठा ओला करून माझी विशेषणं पुसायचे. शाई पसरायची. “शिव्या कमी कर. काय केलं तेवढं लिही. जास्त झोंबतंय बघ.”

परवा शोकसभा झाली. अध्यक्ष कोण, तर तेच चेअरमन! गळ्यातला हार सावरत ते म्हणाले, “प्रकृतीच्या कारणास्तव गुरुजींनी आपखुशीनं शाळा सोडली...” मी ताडकन उठलो. “आपखुशीनं?” शेजारच्यांनी सदरा ओढून मला खाली बसवलं. मागं गुरुजींचे एक जुने सहकारी बसले होते. शेजाऱ्याच्या कानाशी लागून ते हळूच म्हणाले, “माणूस सोन्यासारखा हो. पण फार बोलायचे...”

मी तिथून उठलो तो थेट वडगावला गेलो. गुरुजींच्या मागावर निम्मी साडी तशीच होती. भिंतीला टेकून त्यांची पाटी, शेजारी चिंधी. चिंधी वाळून कडक झाली होती. काकू, गुरुजींच्या पत्नी, दाराशी बसल्या होत्या. मी पाटी घेतली आणि दात आवळून लिहिलं, ‘मुलांनी साहेबांपुढे गोष्ट पुरी सांगितली, म्हणून खोटारड्या, लाचार चेअरमननी गुरुजींना शाळेतून काढले.’

अंगठा आपोआप तोंडाकडे गेला. ‘खोटारड्या’ पुसलं. ‘लाचार’वर अंगठा बराच वेळ थांबला... मग तेही पुसलं.

काकूंना वाचायला गुरुजींनीच शिकवलं होतं. त्यांनी पाटी उजेडाकडे धरून एकेक अक्षर लावत वाचलं.

“व्हय,” त्या म्हणाल्या, “असंच झालतं.”