पुठ्ठ्याचं घड्याळ

निवृत्तीला आठ दिवस उरले, तेव्हा मी वर्गातलं कपाट नव्या बाईंच्या ताब्यात दिलं. वरच्या खणात मी केलेलं पुठ्ठ्याचं घड्याळ निघालं. प्लास्टिकच्या पिशवीत, अगदी कोरं करकरीत.

“किती जपलंय हो तुम्ही!” असं म्हणत त्यांनी ते सरळ पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिलं.

“फाटेल,” मी बोलून गेले.

“फाटू दे की. दुसरं करू.”

आम्हा शिक्षकांची ही जुनी खोड. सुट्टीभर खपून साहित्य करायचं, तपासणीला साहेब आले की मांडायचं, ते ‘छान’ म्हणाले की पुन्हा कपाटात. मुलांना घड्याळ मी फळ्यावरच शिकवलं. मन लावून शिकवलं, त्यात खोट नाही. पण “बाई, काटा मी फिरवू?” असं दरवर्षी कुणीतरी विचारायचंच, आणि मी नको म्हणायचे.

मुलगी काटा फिरवत होती. साडेआठ, नऊ, साडेनऊ.

“बाई, हे नवीन आहे?” तिनं मला विचारलं.

“नाही गं. तुझी आई माझ्या वर्गात होती, तेव्हाचं आहे.”

“मग आईनं पण फिरवलं असेल!”

मी रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिले.