रजियाबीचा काळा दगड

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी पाथरवटांची आठ घरं होती. कापसाचा भाव चढला, आगगाडीचा लोखंडी रस्ता आला, आणि पुलाचे चिरे घडवायला सात घरं बिऱ्हाडासकट निघून गेली. मागं राहिला सूर्यभान. त्याची बायको चार वर्षांपूर्वी पटकीत गेली होती. जिथं तिला अग्नी दिला तो काठ त्याला सोडवेना.

पेठेतले नवे श्रीमंत देवासाठी लांबून पांढरा संगमरवर आणवू लागले. सूर्यभानचं मूर्तीचं काम आटलं. जाती-पाटे तेवढे उरले. दिवसचे दिवस बोलायला माणूस नसे.

एका दुपारी कापसाच्या बैलगाड्या हाकणारा गाडीवान इनायतुल्ला आला.

"माही बायको रजियाबी गेली. कबरीले दगड पाह्यजे. पांढरा टिकन का?"

"पांढरा मऊ असते. छिन्नी सरसर चालते, पन पावसानं अक्षर बुजते," सूर्यभान म्हणाला. "तांबड्याचे पोपडे निघतात. काळा लय कठीन. छिन्नी बोथट करते, पन उमटलं का उमटलं. दीड महिना लागन."

"लागू दे. काळाच घे."

सूर्यभाननं शिळा ठोकून पाहिल्या. एक भद्द वाजली, ती जात्यासाठी ठेवली. दुसरीत बारीक भेग होती. तिसरी घंटेसारखी खणखणली. मौलवींनी तिच्यावर चुन्यानं अक्षरं काढून दिली. ती सूर्यभान आणि इनायतुल्ला दोघांनाही वाचता येत नव्हती.

इनायतुल्ला रोज संध्याकाळी येऊन बसे. कोरलेल्या खाचांतून बोट फिरवी. एकदा त्यानं विचारलं, "तुह्या बायकोचं नाव काय होतं?"

सूर्यभानचा हातोडा थांबला. ती असतानाही त्यानं कधी तिचं नाव घेतलं नव्हतं.

"सुभद्रा," तो म्हणाला.

"तिच्यासाठी नाई घडवला दगड?"

"आमच्यात राख पान्यात सोडतात. दगड कुठं लावू?"

त्या दिवशी इनायतुल्ला लवकर उठला नाही. अंधार पडेपर्यंत बसून राहिला.

दगड कबरीवर बसला. कापूस आता आगगाडीनं जाऊ लागला होता. काम शोधत इनायतुल्ला बैल घेऊन मोर्शीकडे गेला, तो परतला नाही. सूर्यभान काही दिवस संध्याकाळी वाटेकडे बघत राही.

पावसाळा सरल्यावर तो एकटाच कबरस्तानात गेला. अक्षरं शाबूत होती, फक्त चिखलानं भरली होती. त्यानं काडीनं एकेक खाच मोकळी केली. पुढं दर वर्षी, तब्येत साथ देईतोवर, तो जात राहिला.