नाकाच्या टोकापासून

ऑफिसात त्याला सगळे शंकासूर म्हणायचे, आणि ते नाव काही उगाच पडलं नव्हतं. अग्निबाणावर हवेचा जोर किती, कुठे आणि कोणत्या वेगाला पडेल, याचे गुणांक काढण्यात त्याची सव्वीस वर्षं गेली होती. घराला कुलूप लावून दोनदा मागे फिरणारा माणूस आकड्यांना सोडतोय होय! गेल्या वर्षी त्याने ऐनवेळी शंका काढून चाचणी थांबवली आणि चूक काहीच निघाली नाही. तेव्हा साहेबांनी चक्क हात जोडले होते, "पुढच्या वेळी पुरावा असेल तरच फोन करा."

त्या दिवशी चाचणी साडेअकराला होती. त्याची लेक तिकडे तळावर, उड्डाणमार्गालगतच्या खोलीत कॅमेरा सांभाळत होती. अकराला दहा कमी असताना, हातांना चाळा म्हणून त्याने फाईल उघडली. वजन विभागाच्या कागदावर गुरुत्वमध्य लिहिला होता, बाणाच्या नाकाच्या टोकापासून मोजून. खाली तारीख मार्चची. आणि नाक बारा सेंटिमीटरने लांब केलं ते मेमध्ये.

त्याने खुर्ची पुढे ओढली आणि पेन उचललं.

हवेचा सगळा जोर जिथे एकवटतो, तो बिंदू गुरुत्वमध्याच्या मागे राहिला तरच बाण सरळ जातो. तो बिंदू त्याने नव्या टोकापासून मोजला होता. गुरुत्वमध्य मात्र जुन्या टोकापासूनचा. कागदावर दोघांत पंधरा सेंटिमीटर दिसत होते, म्हणजे खरे तीनच. वेग वाढला की शेपटीच्या पंखांची पकड कमी होते आणि तो बिंदू चांगला पाच सेंटिमीटर पुढे येतो. मग बाण हवेतच आडवा होणार आणि कुठेही कोसळणार. लेकीच्या खोलीवरसुद्धा.

वजन विभागात फोन वाजत राहिला. सगळे पडद्यावर चाचणी बघायला गेलेले. सव्वाअकरा झाले. त्याने साहेबांचा नंबर फिरवला.

"साहेब, थांबवा."

"पुन्हा? पुरावा काय?"

"एक तारीख आहे. बाकी शंकाच."

"चुकलात तर राजीनामा द्यावा लागेल."

"आत्ता लिहितो. पण आधी थांबवा!"

थांबवलं. दुपारी वजन विभागाने मान खाली घालून कबूल केलं, कागद जुन्या नाकाचाच होता. लोकांनी त्याची पाठ थोपटली. तो मात्र त्या कागदाकडेच बघत होता, कारण खाली 'तपासले' म्हणून सही त्याचीच होती. तीन आठवडे तो कागद त्याच्याच टेबलावर पडून होता.

मग नाकात वजन भरलं, गुरुत्वमध्य पुढे आणला. त्याने नवे आकडे काढले आणि पाच वेळा तपासले. साहेबांनी पान न उलटताच सही ठोकली. "तुम्ही बघितलंय ना? मग झालं तर!" त्या विश्वासाचीच त्याला भीती वाटली. आता त्याच्या मागे तपासणारं कुणीच उरलं नव्हतं.

आठवड्याने, उड्डाणाच्या सकाळी, लेकीचा त्याच खोलीतून फोन आला.

"बाबा, या वेळी आकडे बरोबर आहेत ना?"

"हो, बाळा," तो म्हणाला, आणि फोन ठेवून त्याने फाईल सहाव्यांदा उघडली.