सोसायटीच्या ग्रुपवरचा अडकलेला स्विच

मित्रहो, आज माझ्यावर घोर अन्याय झाला. सात बादल्या आणि दोन पिंपांमुळे मला माझ्याच बाथरूममध्ये उभं राहायला जागा मिळाली नाही.

बादल्या मीच भरल्या होत्या. कोपरखैरण्याच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "आज पाणी येणार नाही" हेही सकाळी मीच टाकलं होतं. तासाभरात कळलं, बातमी शेजारच्या सेक्टरची. पण तसं लिहायची लाज वाटली. तोवर सगळ्यांनी भराभर पाणी भरून सोसायटीची टाकी रिकामी केली.

समोरची मेघना पेशींवर संशोधन करते. तिला हे सगळं सांगितलं, तर म्हणाली, "काका, पेशीत रास नावाचं चिमुकलं प्रथिन असतं. त्याला जीटीपी नावाचा रेणू चिकटला की ते चालू होतं. मग कायनेज नावाची दुसरी प्रथिनं एकामागून एक निरोप पुढे देतात, वाढा, वाढा! नंतर रास तो जीटीपी तोडून बंद होतं. बंदच झालं नाही, तर कॅन्सर होऊ शकतो."

"म्हणजे मी कॅन्सर?"

"तुम्ही अडकलेला स्विच. चौथ्या मजल्यावर कांबळेकाकूंकडे अंथरुणाला खिळलेल्या काकांचं अंग पुसायलाही पाणी नाहीये."

चूक कळल्यावर "थांबा" म्हणणं आपल्याला एवढं जड का जातं हो?

ग्रुपवर लिहिलं, "बातमी चुकीची. चूक माझी." मग दोन बादल्या उचलल्या आणि चौथा मजला चढलो.